आधी आवाज, मग चेहरा

बाईंच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न यायचा, "कुणाशी बोलायचंय?" माझ्याकडे लग्नपत्रिकेचे नमुने बघायला आलेल्या नवरदेवाच्या बापालाही हाच प्रश्न. तो बिचारा गोंधळून म्हणायचा, "कुणाशी नाही, पत्रिका छापायच्यात." मग बाई लाकडी पार्टिशनकडे बोट दाखवायच्या आणि त्याच्यातला आपला सगळा रस काढून घ्यायच्या. ज्याला कुणाशी बोलायचं नाही असा माणूस सकाळी सकाळी घराबाहेर कशाला पडतो, हे त्यांना खरंच कळत नसे.

नाशिकला कॅनडा कॉर्नरच्या मागच्या गल्लीत बाईंचं घर होतं आणि घराखाली हा गाळा. अर्ध्यात बाईंचं इंटरनेट कॅफे, अर्ध्यात माझा पत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं करायचा धंदा. म्हणजे त्या माझ्या मालकीणबाई. पण भाडेकरू म्हणून त्यांनी मला पसंत केलं ते न बघताच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी गाळ्याची चौकशी करायला फोन केला. त्यांनी मला दोन-चार वाक्यं बोलू दिली आणि म्हणाल्या, "तुमच्या आवाजात कटकट नाही. उद्यापासून या." दुसऱ्या दिवशी मला समोर पाहून मात्र त्यांचा चेहरा पडला. "आवाजावरून मला तुम्ही उंच वाटला होतात," त्या म्हणाल्या. ही तक्रार पुढे कितीतरी वर्षं टिकली. मला त्या नावाने कधी हाक मारत नसत, 'आर्टिस्ट' म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, ते मी कधी विचारलं नाही.

बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. ट्रंक कॉल लावून देणारी ऑपरेटर. पेठच्या दुकानदाराला सुरतेच्या व्यापाऱ्याशी जोडून द्यायचं, सिन्नरच्या कारखान्याला मुंबईच्या हेड ऑफिसशी, आणि मध्ये मध्ये लाईनवर येऊन विचारायचं, "हॅलो, नाशिक बोलतंय, आवाज येतोय का?" घरोघरी थेट नंबर फिरवता येऊ लागले तशी बोर्डावरची गर्दी ओसरली. बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घराखाली आधी एसटीडी बूथ, मग कॅफे थाटलं. पण एक्स्चेंज काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. विचारात असल्या की त्यांचा उजवा हात कानाकडे जायचा आणि तिथे नसलेला हेडसेट सारखा करून परत यायचा.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, आवाज राहत. एकदा भाजी घेताना मागून कुणीतरी भाव विचारला, तर बाई वळूनही न पाहता म्हणाल्या, "तुम्ही हरसूलच्या ना? तुमच्या भावाला मुलगा झाला तेव्हा मी कॉल लावला होता." ती बाई भाजीची पिशवी तिथेच ठेवून यांच्याकडे बघतच राहिली. हा किस्सा मी स्वतः पाहिलेला आहे, ऐकीव नाही.

ब्रॉडबँड आलं, वेबकॅम आले आणि आमच्या गल्लीत संध्याकाळी आजी-आजोबांची रांग लागायला लागली. ज्याची त्याची मुलं परदेशी. कोपऱ्यातल्या केबिनमध्ये बाईंनी व्हिडिओ कॉन्फरन्सची सोय केली होती. लाईन बेताची, त्यावर कॅफेतले सगळे कॉम्प्युटर, वर माझाही. चित्र अडकायचं, आवाज तुटायचा, कधी दोन्ही मिळून बसायचे. दुसऱ्या कुठल्याही कॅफेत अशा वेळी पोरं मशीन बंद करून चालू करत. बाई असलं काही करत नसत. त्या डोळे मिटून हेडफोन कानाला लावायच्या आणि ऐकायच्या.

"तुटक येतंय ना? मग आपली लाईन भरलीय. आर्टिस्ट, तुमचं डाउनलोड थांबवा. घुमतंय? म्हणजे तिकडच्याने स्पीकर लावलाय, त्याला म्हणावं हेडफोन घाल. तुमचाच आवाज तुम्हाला परत येतो तेव्हा चूक तुमची नसते, समोरच्याची असते. विहिरीतून आल्यासारखं वाटतंय? माईक लांब धरलाय."

आणि निदान बरोबर निघायचं. एकदा तिकडचा मुलगा दिसत होता, त्याला मात्र आईवडील दिसत नव्हते. बाईंनी कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघता सांगितलं, "त्याच्या ऑफिसच्या फायरवॉलने दार लावून घेतलंय, आपलं चित्र आत जात नाही. घरी गेल्यावर कर म्हणावं." मुलाने घरून कॉल केला आणि सगळं स्वच्छ दिसलं. लाईनमन तर बाईंना घाबरून असायचा. पावसाळ्यात खांबावरच्या डब्यात पाणी शिरलं की त्या खाली उभ्या राहून सांगायच्या कोणता जोड काढून पुसायचा ते, आणि काम झाल्यावर त्याला चहा पाजायच्या. अर्थात चहाआधी त्याची हजेरीही घेतली जायची.

बाईंचा एकच कायदा होता. तो त्यांनी माझ्याकडूनच लाल अक्षरांत करून घेतला आणि केबिनच्या दारावर लावला: 'आधी आवाज, मग चेहरा.' लाईन बारीक झाली की पहिलं काम चित्र बंद करायचं. आजोबा कळवळून म्हणायचे, "अहो, नातवाला बघायचंय हो." बाई म्हणायच्या, "त्याचा फोटो मागवून घ्या. आत्ता बोला. माणूस आवाजात असतो." यावर वाद घालायची सोय नव्हती.

आणखी एक खोड होती, जी मी सहन करायला शिकलो होतो. कॉल चालू असताना मध्येच बाई केबिनमध्ये डोकं घालायच्या, माईकशी वाकायच्या आणि खणखणीत आवाजात विचारायच्या, "हॅलो, नाशिक बोलतंय, आवाज येतोय का?" मायलेकी रडत असोत, नवराबायको भांडत असोत, बाई मध्ये येणारच. परदेशातली पोरंही सरावली होती. "येतोय, काकू, येतोय," म्हणायची आणि पुढे बोलायला लागायची.

एका दुपारी सिन्नरकडच्या एक मावशी आपल्या मुलीला घेऊन आल्या. झेंडूची शेती, फुलं घेऊन पहाटे बाजारात यायच्या, ते आटोपून आल्या होत्या. मुलगी विशीतली, तरतरीत, पंजाबी ड्रेस, खांद्याला पिशवी.

"कुणाशी बोलायचंय?" बाईंनी विचारलं.

मावशी मुलीकडे बघून म्हणाल्या, "हिला बोलायचंय, ताई. पण हिला ऐकू येत नाय. हातानं बोलती ही. लय हुशार हाय."

मग मावशींनी सगळं सांगितलं. दक्षिणेत खूप लांब एक संस्था होती. ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायला ऐकू न येणारेच शिक्षक तिथे तयार करत. मुलीने अर्ज केला, तो पुढे गेला. लांबच्या उमेदवारांची मुलाखत कॉम्प्युटरवरून, खुणांच्या भाषेत. आदल्या आठवड्यात दोघी नाशिकमधल्याच दुसऱ्या एका कॅफेत गेल्या होत्या. लाईन अडकायला लागली तशी तिथल्या माणसाने चित्र बंद करून टाकलं आणि म्हणाला, आवाज एकदम क्लिअर आहे, बोला आता.

"काय बोलणार, ताई? हिचे हात तसेच राहिले वर," मावशी म्हणाल्या. "तिकडच्यांनी अजून एक डाव दिलाय, उद्याचा. त्याच्यापुढं नाय. ही जागा गेली तर परत माझ्यासंग फुलंच तोडायची."

हे चालू असताना मुलगी दारावरचा बोर्ड वाचत होती. 'आधी आवाज, मग चेहरा.' तिने तो एकदा वाचला, आईकडे पाहिलं आणि पिशवी सावरून पायरीकडे वळली.

"ए पोरी, थांब! थांब म्हणते ना!" बाई ओरडल्या. मग आपण कुणाला ओरडतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. काउंटरमागून त्या जवळजवळ धावतच बाहेर आल्या आणि त्यांनी मुलीचं मनगट धरलं. तिला आत आणून खुर्चीवर बसवलं. मग माझ्याकडे वळून, मी जणू तो बोर्ड त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला होता अशा आवाजात म्हणाल्या, "आर्टिस्ट, उतरवा तो आधी."

त्या संध्याकाळी बाईंनी मला केबिनमध्ये कॅमेऱ्यासमोर बसवून हात हलवायला लावले. बाहेरच्या कॉम्प्युटरवर त्या माझं चित्र बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या लाईन डोळ्यांनी तपासत होत्या आणि ते त्यांना अवघड जात होतं, हे दिसत होतं. "जोरात हलवा. आता हळू. तुमच्या मागचं कॅलेंडर काढा, पंख्याने ते फडफडतंय." मागे काही हललं की चित्र जड होतं, एवढं त्यांनी हुडकून काढलं. मग पंखा बंद. मागे एकरंगी निळी चादर. माझे हात दुखायला लागले तेव्हा कुठे त्यांनी मला सोडलं, आणि तेही "उद्या दाढी करून या" असं सांगून. मुलाखत माझी नव्हती, हे मी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेला पाटी लागली, 'दुपारनंतर या.' केबिनमधला सोडून सगळे कॉम्प्युटर बंद. फोनचा रिसीव्हर काढून ठेवलेला. मी एका लग्नपत्रिकेची फाइल प्रेसला पाठवत होतो, तीही बाईंनी अर्ध्यात तोडली. "तुमची नवरी थोडी थांबेल," म्हणाल्या. लोडशेडिंगच्या धास्तीने इन्व्हर्टर दोनदा तपासून झाला. मावशी फुलाफुलांची साडी नेसून आल्या होत्या, त्यांना कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोपऱ्यात उभं केलं. मुलगी निळ्या चादरीपुढे बसली. कॉल लागला. पडद्यावर तीन माणसं आली, त्यांनी हात हलवले, मुलीने हलवले. चित्र सुरेख चाललं होतं.

पहिला प्रश्न झाला. मुलगी उत्तर द्यायला लागली. तिचे हात इतके भराभर चालत होते की मला वाटलं, हे हात वाक्यांमध्ये श्वास तरी कधी घेतात? आणि तेवढ्यात बाईंच्या अंगातलं एक्स्चेंज जागं झालं. त्या माईकशी वाकल्या. "हॅलो, नाशिक बोलतंय, आवाज येतोय का?"

चित्र गोठलं. तिकडची तिघं तशीच थिजली. मग ती हलली आणि त्यांतल्या मधल्या बाईंनी खूण केली, पुन्हा सांग. मुलीने पुन्हा सुरुवात केली.

"हॅलो? हॅलो! काय झालं?" बाई घाबरल्या आणि घाबरल्यामुळे जास्तच बोलायला लागल्या. चित्र पुन्हा अडकलं. "कुणी आवाज करू नका!" त्यांनी खोलीला दरडावलं. खोलीत बोलणाऱ्या त्या एकट्याच होत्या. "आर्टिस्ट, मोडेमचे दिवे बघा. बाहेर वायर बघून या." मी पळत गेलो. दिवे ठीक, वायर ठीक, खांबावरचा डबा कोरडा. परत आलो तर चित्र तुकड्यातुकड्यांनी सरकत होतं, पडद्यावरचे एक गृहस्थ घड्याळाकडे बघत होते आणि मावशींनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. बाई माईकवर पुकारत होत्या, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?"

मुलीने हात थांबवले. तिने पडद्याकडे पाहिलं, मग बाईंच्या ओठांकडे, मग पुन्हा पडद्याकडे. बाई पुन्हा "हॅलो" म्हणाल्या, चित्र पुन्हा अडकलं. तिने खुर्ची वळवली, थेट बाईंच्या डोळ्यांत पाहिलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"अगं ए!" मावशी हबकल्या.

मीही हबकलो. बाईंना गप्प बस म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, मी स्वतः तर धरूच नका. बाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्या काहीतरी सुनावणार, असं मला वाटलं. पण त्या गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहिल्या तेवढ्यात पडद्यावरची माणसं सुरळीत हलायला लागली.

बाईंच्या ते ध्यानात आलं. आमच्या आधी आलं. ते सॉफ्टवेअरही बाईंच्याच कायद्याने चालत होतं. लाईन बारीक असली की ते आधी आवाजाला वाट देई आणि उरलंसुरलं चित्राला. बाईंनी तोंड उघडलं की त्यांचा आवाज पुढे घुसायचा आणि मुलीचे हात मागे अडकायचे. लाईनमधला फॉल्ट बाई स्वतः होत्या.

त्यांनी एक शब्द न बोलता वाकून कॉम्प्युटरच्या मागून माईकची पिन उपसली. ती मुठीत धरली, भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मुलीला हाताने खूण केली, चालू दे.

मग जे झालं ते मी विसरणं शक्य नाही. माईक काढल्यावर आम्ही कितीही बोललो असतो तरी काही बिघडलं नसतं. बाहेर रिक्षा बोंबलत होत्या, त्यांचाही काही त्रास नव्हता. तरी आम्ही तिघं ऐकू येणारी माणसं तोंडाला कुलूप लावून उभे होतो. आणि ती पोरगी बोलत होती. हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी. काय बोलत होती ते मला तेव्हा कळलं नाही. मावशींनी नंतर सांगितलं. लहानपणी ती गावात होती तोवर तिच्याशी कुणी नीट बोललंच नव्हतं. हॉस्टेलात गेल्यावर दुसऱ्या मुलांचे हात बघून तिला पहिल्यांदा कळलं की आपल्यालाही भाषा आहे. माझ्या वर्गातल्या पोरांना इतकी वर्षं थांबावं लागू नये, असं ती सांगत होती. बाईंचा हात मध्येच एकदा कानाकडे गेला, पण वाटेतच थांबला आणि खाली आला.

शेवटी पडद्यावरच्या तिघांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले.

"गेली लाईन!" बाई किंचाळल्या. "हात थरथरायला लागले त्यांचे!"

मावशी डोळे पुसत हसल्या. "ताई, त्या टाळ्या हायत."

निकाल कळला तशा मावशी झेंडूचा भलामोठा हार घेऊन आल्या आणि तो त्यांनी सरळ मोडेमला घातला. बाईंनी तो लगेच काढला. "मोडेम तापतो. माझ्या गळ्यात घाला, मी तापत नाही." हे धादांत खोटं होतं, पण त्या दिवशी कुणी हरकत घेतली नाही.

मला बाईंचा अभिमान वाटतो तो त्यांच्या कानांसाठी नाही. चारचौघांत एका विशीतल्या मुलीने गप्प बसवल्यावर आपली सगळी नोकरी, सगळा मान बाजूला ठेवून पिन उपसणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. उलट हा किस्सा त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मिरवून सांगायच्या. "सगळा जन्म लाईनवर काढला हो मी. फॉल्ट माझ्यातच होता. आणि धरला कुणी? जिला ऐकू येत नाही तिने!" सांगताना जणू स्वतःच्या मुलीचा पहिला नंबर आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलायचा. माझाही फुलायचा, कारण चादर मी लावली होती.

जुना बोर्ड पुन्हा लागला नाही. बाईंचा दारातला प्रश्नही बदलला. "बोलायचंय की बघायचंय?" त्या विचारू लागल्या. रविवारी केबिनमधला माईक काढून ठेवायला लागल्या, कारण मावशींनी गावोगाव सांगितलं होतं आणि ऐकू न येणारी माणसं कुठून कुठून यायला लागली होती. नाशिकरोडहून, पेठहून. सगळं दुकान हातांनी गजबजलेलं आणि बाई काउंटरवर चिडीचूप. त्यांच्याकडून त्या एकेक खूण शिकत होत्या. माझं मात्र डाउनलोड रविवारी कायमचं बंद झालं.

मग बऱ्याच महिन्यांनी एका रविवारी त्या मुलीचा कॉल आला. ती आता शिकवत होती. आपला वर्ग दाखवायला तिने कॅमेरा फिरवला. बाकांवर लहान लहान पोरं बसलेली, सगळी पडद्याकडे बघत. बाई केस सारखे करून कॅमेऱ्यासमोर बसल्या. मी मागे उभा. बाईंनी दोन्ही हात वर उचलले आणि पाठ केलेली खूण सावकाश, चुकत-माकत केली, 'दिसतंय का?'

मुलीने वळून वर्गाला काहीतरी सांगितलं. पोरं खुदखुदली. आणि मग त्या अख्ख्या वर्गाने एकदम, बाईंकडे बघत, आपापल्या ओठांवर बोट ठेवलं.

बाई आधी हसल्या, मग रडल्या, आणि मग चेहरा पुसत माझ्याकडे वळून मोठ्या दिमाखात म्हणाल्या, "बघितलंत, आर्टिस्ट? सगळी मला ओळखतात."